इंजिनातल्या अक्षता

काकूंच्या घराकडे उतरणारी वाट हिवाळ्यात कुणी साफ करत नाही. काउंटीचा बर्फ ढकलणारा ट्रक वरच्या रस्त्यानं येतो, काकूंच्या टपालपेटीपाशी वळतो आणि परत जातो. तिथून झाडांमधून खाली तळ्यापर्यंत जी उतरण आहे ती पहिला मोठा बर्फ पडला की बंद होते, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला उघडते. काकूंची गाडी त्या काळात वर, टपालपेटीशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली उभी असते. घर ते गाडी हा प्रवास स्नोमोबिलवर होतो. पुढे बर्फावर घसरणाऱ्या दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, मध्ये मोटरसायकलसारखी लांब सीट. दूध, औषधं, टपाल आणि सुट्टीच्या दिवशी मी, सगळं त्याच्यावरूनच खाली येतं.

मिशिगनच्या या वरच्या टोकाला मी एम. एस. करायला आले त्या पहिल्याच पानगळीत काकू मला भेटल्या. किराण्याच्या दुकानात मी आईशी फोनवर बोलत होते. मागून आवाज आला, "कोथिंबीर त्या कोपऱ्यात आहे, पण वास घेऊन घे, शिळी असते." काकू मिरजेला डॉक्टर झाल्या, काकांबरोबर इकडे आल्या आणि इथल्या इस्पितळात अनेक वर्षं बाळंतपणं केली. काका कागदाच्या कारखान्यात इंजिनियर होते. ते गेले त्यानंतरचा हा काकूंचा दुसरा हिवाळा होता.

एका आठवड्यात काकू दूध आणायला निघाल्या आणि चढणीच्या मध्यावर मशीन गुदमरलं. इंजिन बंद पडलं नाही, पण कितीही ॲक्सिलरेटर दाबला तरी ते जोरच घेईना. नुसतं घुं घुं करत बर्फात रुतत गेलं. काकू उतरल्या आणि गुडघाभर बर्फातून चालत घरी परतल्या. वाटेत पडल्या, मनगट मुरगळलं. फोन घरातच राहिला होता. दुसऱ्या राज्यातल्या नेपरव्हिलहून त्यांचा मुलगा फोनवर फोन करत होता आणि इकडे कुणी उचलत नव्हतं. शेवटी त्यानं मला फोन केला. मी त्याला दादा म्हणते. मला तरी काय माहीत असणार? आम्ही दोघं दोन गावांत बसून तेवढा वेळ नुसती वाट पाहत राहिलो.

काकूंचा फोन आला तेव्हा त्या हसत होत्या. पण दादा हसला नाही. रविवारी येतो आणि तुला घेऊन जातो, असं त्यानं सांगून टाकलं. खालची खोली रिकामी आहे, नातवंडं आहेत, आता पुरे. मग त्यानं मला वेगळा फोन केला.

"तू मेकॅनिकल ना? मला फक्त एवढं सांग, ते मशीन सेफ आहे का. मी आईवर फोर्स करत नाहीये. पण मशीन ट्रस्ट करण्यासारखं नसेल तर ती तिथे राहणार नाही. दॅट्स इट."

मी हो म्हणाले. कशाला हो म्हणाले ते मलाच कळलं नाही.

माझ्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा इचलकरंजीत मागावर काम करतात. ते कारखान्यात सगळ्यांना सांगतात, पोरगी मशीनची डॉक्टर होणार. खरं सांगायचं तर मी संगणकासमोर बसून पाइपातून वाहणाऱ्या हवेची गणितं सोडवते. माझ्या वर्गातली इथली मुलं वडिलांच्या गॅरेजमध्ये वाढलेली. स्क्रू कितपत आवळायचा हे त्यांच्या मनगटाला माहीत असतं. ती इंजिनाबद्दल बोलायला लागली की मी मान डोलावते आणि घरी येऊन शब्द शोधते. चालू इंजिन स्वतःच्या हातानं मी तोवर एकदाही उघडलं नव्हतं. जवळच्या दुरुस्तीच्या दुकानाकडे मशीन न्यावं म्हटलं तर ते ट्रेलरवर चढवायला आधी वर तरी यायला हवं, आणि सीझन असल्यामुळे त्यांच्याकडे आधीचीच रांग होती.

शुक्रवारी संध्याकाळी वर्गातल्या एकीनं मला टपालपेटीपाशी सोडलं. मी पाठीवर दप्तर टाकून चालत खाली उतरले. वाटेच्या मध्ये दोन पांढऱ्या बर्च झाडांपाशी मशीन उभं होतं, सीटवर बर्फाची उशी साचलेली. मी चावी फिरवली. ते लगेच सुरू झालं, अगदी शहाण्या मुलासारखं. हळूहळू उतारानं मी ते काकूंच्या घराशेजारच्या शेडपर्यंत आणलं. उतारावर त्याला काहीच अडचण नव्हती. मीटरवर मात्र एक लाल दिवा सारखा उघडझाप करत होता.

काकूंनी पिठलं केलं होतं. डावं मनगट पट्टीत होतं म्हणून भाकरी त्यांनी एका हातानं थापायचा प्रयत्न केला होता आणि ती नकाशासारखी झाली होती.

"हसू नकोस," त्या म्हणाल्या. "रविवारी तो वर आला की मी त्याला आणायला जाणार. मशीनवरून. एकटी. मग बघू काय म्हणतो."

"आणि पुन्हा तिथेच अडकलं तर?"

काकू ताटाकडे पाहत राहिल्या. "मग मी माझी बॅग भरीन," त्या म्हणाल्या. "एवढा त्याचा हक्क आहे."

त्यांनी जेवणानंतर खिडकीतलं प्रत्येक रोपटं पाणी घालताना जरा जास्त वेळ हातात धरलं, ते मी पाहिलं.

सकाळी शेडमध्ये रॉकेलचा हीटर लावला. मॅन्युअल फोनवर होतं आणि फोन थंडीनं पुन्हा पुन्हा बंद पडत होता, म्हणून मी तो काखेत धरून ऊब देत होते, एक पान वाचत होते, परत काखेत. आधी पेट्रोल तपासलं. ते ठीक होतं. मग स्पार्क प्लग काढले. इंजिनाला दोन सिलिंडर आहेत. एकाचा प्लग तपकिरी, कोरडा, पुस्तकातल्या चित्रासारखा. दुसरा काळा आणि ओला. म्हणजे एक सिलिंडर नीट श्वास घेत होता आणि दुसरा घेत नव्हता. मला तेवढ्यानंही धीर आला. कुठे पाहायचं ते कळलं होतं.

या इंजिनात धूर बाहेर जाण्याच्या वाटेवर, प्रत्येक सिलिंडरला एक, अशा दोन लहान धातूच्या पट्ट्या असतात. त्यांना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन हळू चालतं तेव्हा त्या खाली असतात आणि वाट अरुंद ठेवतात. वेग वाढला की त्या वर उचलल्या जातात आणि वाट पूर्ण मोकळी होते. उचलण्याचं काम एक छोटी मोटर करते. मोटरवर कप्पी, कप्पीवरून दोन केबल्स, आणि प्रत्येक केबलच्या टोकाला एक पट्टी. सायकलच्या ब्रेकची असते तशीच केबल, बाहेर नळी, आत तारांचा पीळ. एक पट्टी उचललीच गेली नाही तर तो सिलिंडर चढणीवर नेमका गुदमरणार.

बाजूचं झाकण काढून मी काकूंना चावी फिरवायला सांगितली. इंजिन सुरू होताच ती मोटर स्वतःची चाचणी घेते, एकदा ओढते, एकदा सोडते. मी डोकं आत घालून पाहत होते. एक केबल सरळ मागे गेली, पुढे आली. दुसरी आधी हललीच नाही. मग तिची नळी सापासारखी फुगली आणि केबल सैल पडली.

"दिसलं का काही?" काकूंनी विचारलं.

"दिसलं."

"मग तोंड का असं?"

कारण मला पुढचं माहीत नव्हतं. पट्टी काजळीनं अडकली असेल तर एक गोष्ट, केबल खराब असेल तर दुसरी, मोटर गेली असेल तर सगळंच संपलं, कारण ती मागवायला आठवडे लागतात. आणि चुकीची वस्तू उघडली तर आता निदान चालणारं मशीन मी पूर्ण बंद पाडून ठेवणार होते. काकूंना हे सगळं मी सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. त्या चहा करायला घरात गेल्या.

तेवढ्यात मी एक गोष्ट केली. केबलच्या टोकाला लांबी कमीजास्त करायचा नट असतो. आमच्याकडे ब्रेक सैल झाला की कुणी केबल बदलत नाही, नट फिरवून ती ताणून घेतात. मी फार विचार न करता पान्यानं नटाला चार वेढे दिले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा मशीन अंगणात फिरवून दाखवलं. ते छान पळालं. दिवाही विझला. काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं, झालं, इथेच थांबावं.

पण अंगण सपाट होतं. आणि इंजिन बंद करायच्या आधी मला ती मोटर ऐकू आली. एक बारीक, न संपणारं गुंगुं. केबल इतकी ताणली होती की मोटरला तिच्या जागी परत जाताच येत नव्हतं. थोड्या वेळानं लाल दिवा पुन्हा लागला. मी डोळे मिटले तर बर्चच्या झाडांपाशी काकू दिसल्या, एक हात पट्टीत, आणि वर गाडीपाशी उभा असलेला दादा हे सगळं पाहतोय.

मी नट परत सैल केला आणि काकूंना सांगितलं की हे बरोबर नाही, उघडावं लागेल.

त्या फक्त म्हणाल्या, "उघड."

व्हॉल्व्हची पट्टी बाहेर आली ती काळीकुट्ट. ती मी पेट्रोलमध्ये बुडवून दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ केली, आणि ती बोटानं सहज सरकली. म्हणजे दोष तिचा नव्हता. मग केबल दोन्ही टोकांनी सोडून हातात घेतली. आत वाळू भरल्यासारखी ती करकरत होती. मोटरकडच्या टोकाला पिळाच्या काही तारा तुटून केसांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. त्या टोकावर पाणी जाऊ नये म्हणून रबराची टोपी असते. ती टोपी कुरतडलेली होती. दातांच्या बारीक खुणा, एका ओळीत.

उंदीर. टोपी गेली, पाणी आत शिरलं, तार गंजली, गोठली, मोटर ओढत राहिली आणि तार तुटत गेली. इतकं सरळ होतं ते. मी टॉर्च घेऊन मोटरच्या मागची खाच पाहिली. तिथे कापूस, सुकलेली पानं, मशीनच्या सीटमधला फोम असं एक घरटं होतं, आता रिकामं. त्याच्या कडेला तांदूळ होते. सगळ्यांना लाल-पिवळा रंग होता.

मला खंडेनवमी आठवली. ऑक्टोबरमध्ये काकूंनी शेडमध्ये चौरंग मांडला होता. काकांची हत्यारांची पेटी, काकूंचा स्टेथोस्कोप, लाकूड कापायची करवत, बर्फ उडवायचं यंत्र. झेंडू मिळाला नव्हता, दुकानातली शेवंती होती. स्नोमोबिलपाशी आल्यावर काकूंनी त्याचं पुढचं झाकण उघडलं. काका म्हणायचे म्हणे, पूजा इंजिनाची करायची, झाकणाची नाही. मला ते फार आवडलं होतं. त्या दिवशी आमच्या गल्लीत सगळे माग बंद असतात, बाबा मागावर कुंकू लावतात आणि वर्षातून एकदा रस्त्यावरचं बोलणं ऐकू येतं. काकूंनी मूठभर अक्षता इंजिनावर टाकल्या होत्या. ताट मी धरलं होतं.

मागे पावलांचा आवाज झाला. मी ते दाणे मुठीत घेतले आणि मूठ हातमोज्यात सरकवली.

"उंदीर होता काकू," मी म्हणाले. "केबल खाल्ली त्यानं."

"इथं उंदीर फार," त्या म्हणाल्या आणि हीटरची वात खालीवर करत बसल्या.

का लपवलं, ते तेव्हा नीट मांडताही आलं नसतं. काका गेल्यावर ती पूजा काकूंनी सोडली नव्हती. आता तिच्यामुळेच त्या रस्त्यात पडल्या, असं त्यांना मी सांगायचं? आणि दादाला कळलं तर? तो वाईट बोलला नसता. त्यानं फक्त त्यांच्याकडे बघितलं असतं, आणि ते पुरेसं होतं.

पार्ट्सचं दुकान शनिवारी लवकर बंद होतं. काकूंचं मनगट असं, म्हणून गाडी मीच नेणार होते. लायसन्स मिळून मला एक ऋतूही झाला नव्हता. मी बर्फावर चालायची जाळीची पायताणं बांधून चढण चढले. वर पोचेपर्यंत आकाश शिशासारखं झालं होतं. तळ्यावरून येणारा बर्फ असा येतो, आधी काही नाही आणि मग समोरचं झाडही नाही. मी इतकी सावकाश गाडी चालवली की मागच्या ट्रकवाल्यानं दोनदा दिवे मारले. दुकानात शटर अर्धं खाली होतं. काउंटरवरच्या बाईला मी जुनी केबल दाखवली. ती म्हणाली एकच बदलू नकोस, जोडी बदल, जुनी ताणलेली असते, दोन्ही पट्ट्या एका वेळी उचलल्या गेल्या नाहीत तर काही उपयोग नाही. जोडी तिच्याकडे होती. मला रडू येईल की काय असं वाटलं. परत येताना पिशवी मी मागच्या सीटवर न ठेवता मांडीवर ठेवली, आणि बर्फ पडायला लागला.

संध्याकाळी आम्ही दोघी शेडमध्ये वाकून बसलो. हातमोजे घालून ते काम होत नाही. उघड्या बोटांना लोखंड चिकटतं. पहिली केबल बसली. दुसरीचं टोक कप्पीत अडकवून तिच्यावरची क्लिप दाबताना ती माझ्या बोटांमधून उडाली. टिंग असा बारीक आवाज आला आणि मग काहीच नाही. क्लिप इंजिनाखालच्या खोल तळात गेली होती. नखाएवढी ती क्लिप, जोडीबरोबर आलेली, दुसरी नव्हती.

हात त्या फटीत जात नव्हता. चुंबक शोधला, ती क्लिप त्याला धरेना. माझा श्वास बाहेर पडून टॉर्चच्या काचेवर धुकं धरत होता.

"सरक बाजूला," काकू म्हणाल्या.

त्या घरात गेल्या आणि कापडाची एक गुंडाळी घेऊन आल्या. ती उलगडली तर आत त्यांची हत्यारं. लांब, टोकाला किंचित वाकलेला फोर्सेप त्यांनी उचलला. काका गेल्यापासून काकूंचा उजवा हात चहाचा कप धरताना हलतो. मी ते पाहत नाही असं दाखवते. फोर्सेप आत गेला आणि तो हात हलायचा थांबला. काकू काहीही न बघता, नुसत्या टोकानं चाचपत होत्या. डोळे भिंतीवर.

"टॉर्च हलवू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि श्वास घे, बाई. पेशंट मी आहे का तू?"

एकदा त्यांनी काहीतरी पकडून बाहेर काढलं, पाहिलं, आणि स्वेटरच्या खिशात टाकलं. "कचरा," म्हणाल्या. परत आत. मग क्लिप आली. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली, नर्सला द्यावी तशी, आणि फोर्सेप पुसून परत कापडात गुंडाळला.

दोन्ही केबल्स बसल्यावर त्यांची नळीबाहेरची उघडी लांबी सारखी करायची होती. कॉलेजची पोलादी मोजपट्टी मी दप्तरात आणली होती. आधी एक मोजली, मग दुसरी, मग परत पहिली. नट अर्धा वेढा इकडे, पाव वेढा तिकडे. अंधार झाला होता. मॅन्युअलमधलं चित्र मला पाठ झालं होतं तरी मी ते पुन्हा काढून पाहिलं. चावी फिरवल्यावर दोन्ही केबल्स एकत्र मागे गेल्या, एकत्र पुढे आल्या, आणि मोटर गप्प झाली. ती गप्प झाल्याचा आवाज मी किती तरी वेळ ऐकत बसले.

पण चढणीवर ते मी चालवून पाहिलं नाही. वाटेवर ताजा बर्फ पडत होता आणि अंधारात अडकले असते तर सकाळी दादाला आणायला मशीनच उरलं नसतं. हा निर्णय बरोबर होता की मी घाबरले होते, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

रविवारी बर्फ थांबला. दादाचा फोन आला, मी वर पोचलोय. काकूंनी हेल्मेट घातलं, पट्टीवरून मोठा हातमोजा चढवला. मी म्हणाले मी मागे बसते. त्या म्हणाल्या नको, मशीनवर तुझं वजन नसलेलंच बरं. हे त्या गमतीनं म्हणाल्या, पण त्यांचा आवाज कोरडा होता.

त्या निघाल्या. मी शेडच्या दारात उभी राहिले. पहिलं वळण मला दिसत होतं. नंतर झाडं होती, आणि मग फक्त आवाज. बर्चपाशी पोचायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. आवाज वाढत गेला, जाड झाला, मग पातळ आणि उंच. तो उंच आवाज मी यापूर्वी कधी ऐकला नव्हता. दोन्ही पट्ट्या वर गेल्यावर इंजिन असं बोलत असावं, असं मी स्वतःला सांगितलं. मग तो एकदम खाली आला, आणि बंद झाला.

काहीच नाही. फांदीवरून बर्फाचा एक गोळा पडला तो सुद्धा ऐकू आला. मी वाटेकडे धावायला लागले. जाळीची पायताणं घातली नव्हती म्हणून पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत गेले. तशीच उभी राहिले. मनात काकूंची बॅग भरून झाली होती, रोपटी कुणाकडे ठेवायची तेही ठरलं होतं.

मग इंजिन सुरू झालं. आवाज खाली येऊ लागला. वळणावरून काकू आल्या, मागे दादा, त्याच्या मांडीवर एक मोठा खोका. मी बर्फात रुतलेली पाहून काकूंनी हेल्मेटची काच वर केली.

"वर बंद केलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याला मिठी मारायला नको?"

जेवताना दादानं मुलांचे फोटो दाखवले. खोक्यातून तांदूळ, गोडा मसाला, काकूंची औषधं निघाली. मग त्यानं मला विचारलं, नक्की काय झालं होतं. मी जुनी केबल टेबलावर ठेवली. तुटलेल्या तारा, कुरतडलेली टोपी. उंदीर, म्हणाले.

"उंदीर तर शेडमध्ये लहानपणापासून आहेत. बाबा सापळे लावायचे. इंजिनात कधी गेला नाही. आता कशाला जाईल?"

प्रश्न सरळ होता. मी काकूंकडे पाहिलं नाही. उत्तर न देता मी वाचले असते, पण मग पुढच्या हिवाळ्यात तीच केबल, तीच चढण. मी जॅकेटच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि उघडली. लाल-पिवळे तांदूळ टेबलावर पसरले.

"खंडेनवमीच्या अक्षता," मी म्हणाले. "इंजिनावर टाकल्या होत्या. त्यासाठी आला."

मग काकूंनी स्वेटरच्या खिशात हात घातला आणि एक टिश्यू टेबलावर ठेवला. त्यात एकच दाणा होता, कुंकवानं माखलेला.

"मला फोर्सेपला लागला काल," त्या म्हणाल्या. "हिला सांगितलं नाही. बिचारीला वाटेल आपण ताट धरलं म्हणून झालं."

दादानं तो दाणा उचलला, नखानं फिरवला. तो आता काय बोलेल याची मला भीती वाटत होती. काकू सरळ बसल्या होत्या, रिपोर्ट यायची वाट पाहणाऱ्या माणसासारख्या.

"बाबांच्या वेळी मीच टाकायचो," तो म्हणाला. "आत. बाबा नंतर ब्लोअर घेऊन सगळं साफ करायचे. मला राग यायचा, की आत्ता तर टाकलं."

"ते मला माहीत नव्हतं," काकू म्हणाल्या.

"त्यांनी तुला कळू नाही दिलं." त्यानं दाणा परत टिश्यूवर ठेवला. "पुढच्या वर्षी इंजिनाला नुसतं कुंकू लाव, आई. अक्षता सीटवर टाक."

काकूंनी वाटी पुढे ओढली आणि त्याला आणखी आमटी वाढली. त्याला नको होती. तरी त्यानं खाल्ली.

निघायच्या आधी तो माझ्याबरोबर शेडमध्ये आला आणि केबलची लांबी कुठे मोजायची ते विचारून घेतलं. फोनमध्ये फोटो काढले. मी माझी पोलादी मोजपट्टी तिथेच खिळ्याला टांगून ठेवली.

संध्याकाळी काकूंनी आम्हाला एकेक करून वर सोडलं, आधी मला, मग त्याला. तो मला गावात सोडून पुढे जाणार होता. काकू वळल्या, हात केला आणि उतरणीला लागल्या. दादा गाडीत बसला, पण गाडी सुरू केली नाही. त्यानं खिडकी खाली केली. मीही माझ्या बाजूची केली. थंडी आत आली. आवाज झाडांमधून खाली जात राहिला, बारीक होत गेला, आणि शेडपाशी थांबला.

मग खाली, फांद्यांमधून, अंगणातला दिवा लागला.

"ओके," दादा म्हणाला, आणि चावी फिरवली.